गुळाचा हिशेब कुणी ठेवला असेल?

जानेवारी लागला की आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एरवी न दिसणारे चेहरे दिसू लागतात. व्यवस्थापन शाखेच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना चौघाचौघांच्या गटाने एक मार्केटिंग प्लॅन सादर करावा लागतो. एखादे उत्पादन निवडून त्याचा बाजार कुठे आहे, केवढा आहे, ग्राहक कोण, स्पर्धक कोण, किंमत किती ठेवावी आणि जाहिरातीचा पैसा कुठे घालावा, हे त्यात आकड्यांनिशी मांडायचे असते आणि प्रत्येक आकड्यामागे आधार द्यायचा असतो. या शेवटच्या अटीपाशी गाडी अडते. कल्पनांची मुलांना वाण नसते, पण आधार हाती नसतो, आणि मग त्यांचे मार्गदर्शक त्यांना माझ्या टेबलापाशी पाठवून देतात.

मी कोल्हापूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयात बरीच वर्षे ग्रंथपाल आहे. गेल्या वर्षीच्या एका गटाबरोबर केलेला शोध इथे जरा सविस्तर लिहून ठेवते आहे, कारण त्यांचे उत्पादन आमच्याच मातीतले होते आणि त्या निमित्ताने ग्रंथालयातील जवळजवळ प्रत्येक कप्पा उघडावा लागला. उत्पादन होते गुळाची पावडर. कोल्हापुरी गूळ ढेपेऐवजी पावडरीच्या रूपात, अर्ध्या किलोच्या पाकिटात, पुण्यातील नोकरदार कुटुंबांना विकायचा, अशी त्यांची योजना होती. गटातील एका मुलीच्या घरी आजोबांच्या काळापासून गुऱ्हाळ आहे, त्यामुळे काहील (रस उकळायची मोठी कढई), काकवी (पातळ गूळ), रवा (गुळाची ढेप) हे शब्द तिला पाठ्यपुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

पहिल्या दिवशी ती मुले आली तेव्हा त्यांच्याकडे बाजाराचा आकार तयार होता. परदेशी वाटाव्या अशा नावाच्या एका संकेतस्थळावर जागतिक गूळ बाजार इतक्या अब्ज डॉलरचा असून तो दरवर्षी इतक्या टक्क्यांनी वाढणार आहे, असे त्यांना सापडले होते. मी त्यांना तसेच दुसरे संकेतस्थळ शोधायला सांगितले. दहा मिनिटांत ते सापडले आणि तिथला आकडा पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट निघाला. अशा विक्रेत्यांचा पूर्ण अहवाल काही हजार डॉलरना मिळतो, आणि फुकट दाखवायच्या नमुना पानांवर आकड्यांच्या जागी बहुधा फुल्या असतात. हा आकडा कुणी, कसा आणि कशावरून काढला, हे त्या पानांवर कुठेच लिहिलेले नव्हते. गुऱ्हाळवाल्या मुलीने हळूच विचारले, "मॅडम, आमच्या घरी तर कुणी मोजायला आलं नव्हतं. मग यांना कसं कळलं?"

तिचा प्रश्न मी तिच्याच वहीत लिहायला लावला, फक्त जरा फिरवून: ही गोष्ट मोजण्याची गरज कुणाला पडली असेल? कुणी कर गोळा करण्यासाठी मोजतो, कुणी सेस (बाजारात आलेल्या मालावरचे शुल्क) घेण्यासाठी, कुणी योजना आखण्यासाठी, कुणी शेअर विकण्यासाठी, तर कुणी पदवी मिळवण्यासाठी. मोजणारा सापडला की आकडा सापडतो, आणि त्याने कशासाठी मोजले ते कळले की त्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा तेही कळते. शोधखिडकीत उत्पादनाचे नाव टाकून बसण्यापेक्षा हा रस्ता लांबचा वाटतो खरा, पण त्यात वेळ कमी जातो, असा माझा अनुभव आहे.

आधी मात्र कपाटांचा एक घोळ निस्तरावा लागला. पुस्तके विषयवार लावण्याच्या ड्यूई पद्धतीत मार्केटिंगच्या पुस्तकांचा वर्गांक ६५८.८ असल्यामुळे मुले थेट त्याच कपाटाकडे जातात आणि तिथली चार जाडजूड पाठ्यपुस्तके उचलून आणतात. त्या पुस्तकांत मार्केटिंग प्लॅन कसा लिहावा हे आहे, पण गुळाविषयी अक्षरही नाही. गूळ आणि साखर यांच्या निर्मितीची पुस्तके ६६४.१ मध्ये असतात, ऊस ६३३.६ मध्ये, शेतमालाचे अर्थकारण ३३८.१ मध्ये, देशांतर्गत व्यापार ३८१ मध्ये आणि जिल्ह्याचे गॅझेटिअर इतिहास-भूगोलाच्या कपाटांत, म्हणजे आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. एकाच ढेपेचे तुकडे पाच कपाटांत विखुरलेले आहेत आणि हा वर्गीकरणाचा दोष नाही, कारण वर्गीकरण विषयांचे होते, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचे नाही.

दुसरा घोळ शब्दांचा. मराठीत शोधताना 'गूळ' दीर्घ लिहावा की ऱ्हस्व, यावर किती नोंदी हाती लागणार हे ठरते. नियमाने मूळ शब्द 'गूळ' आणि त्याचे सामान्यरूप 'गुळाचा', पण वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत, सरकारी तक्त्यांत आणि आमच्या स्वतःच्या जुन्या कॅटलॉगमध्येही 'गुळ' सर्रास आढळतो, त्यामुळे दोन्ही रूपे टाकून पाहावी लागतात. इंग्रजीत जॅगरी आणि गुर असे दोन शब्द चालतात, बाजारभावांच्या सरकारी तक्त्यांत बहुधा दोन्ही एकत्र असतात, आणि जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीत तर 'नॉन-सेंट्रिफ्यूगल शुगर', म्हणजे यंत्राने न फिरवलेली साखर, अशा नावाखाली आपला गूळ कोलंबियातल्या 'पानेला' नावाच्या गुळाशेजारी जाऊन बसतो. जॅगरी हा शब्द पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीत गेला आणि त्याचे मूळ आपल्याच 'शर्करे'त आहे, हे कळल्यावर मुलांना जरा गंमत वाटली. प्रकल्पाला त्याचा उपयोग शून्य, पण दुपार बरी गेली.

मग आम्ही मोजणाऱ्यांच्या मागे लागलो. कोल्हापुरात गुळाचा सर्वांत जुना मोजणारा म्हणजे बाजार समिती, कारण आवक मोजल्याशिवाय तिला सेस घेता येत नाही. राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांची रोजची आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर मिळतात. केंद्र सरकारचे अ‍ॅगमार्कनेट २००० सालापासून हेच काम देशपातळीवर करते. जुन्या वर्षांसाठी समितीचे छापील वार्षिक अहवाल पाहावे लागतात आणि ते गावच्या ग्रंथालयापेक्षा समितीच्या कार्यालयातच मिळण्याचा संभव अधिक असतो. मुलांनी मागच्या पाच हंगामांचे दर महिनावार उतरवून घेतले. त्यांच्या कच्च्या मालाची किंमत त्यातून निघणार होती.

इथे त्यांच्याकडून एक चूक झाली आणि ती सांगण्यासारखी आहे. त्यांनी आधीच एका वर्तमानपत्राच्या कात्रणावरून गुळाचा दर घेऊन नफ्याचे गणित मांडून ठेवले होते. कात्रण दिवाळी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीचे होते. पाडव्याला कोल्हापुरात नव्या गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघतात, आणि मुहूर्ताची बोली ही मानाची बोली असते. तिच्यात उत्साह असतो, फोटो असतो आणि पहिल्या काही रव्यांपुरता दर असतो. त्यावर वर्षभराच्या खरेदीचा अंदाज बांधणे म्हणजे लग्नातल्या आहेरावरून संसाराचा खर्च काढण्यासारखे झाले. पणन मंडळाच्या तक्त्यातील सर्वसाधारण दर घेतल्यावर त्यांचे गणित पुष्कळ बदलले. मोठा रवा आणि एक किलोचा बॉक्स यांचे दर वेगवेगळे असतात, तेही त्यांना तेव्हाच उमगले. बातमी खोटी नव्हती. ती कशासाठी लिहिली होती, हे त्यांनी विचारले नव्हते.

बाजार समितीच्या आवकेचीही एक मर्यादा आहे. जो गूळ गुऱ्हाळावरूनच थेट विकला जातो तो समितीच्या काट्यावर येत नाही. त्यामुळे आवक घटली याचा अर्थ उत्पादन घटले असाच होत नाही, तर माल दुसऱ्या वाटेने गेला असाही होऊ शकतो. हे वाक्य मी त्यांना प्लॅनमध्ये जसेच्या तसे लिहायला सांगितले. आधाराची मर्यादा सांगितली की गुण कापले जातात, असा मुलांचा समज असतो, तो कुठून आला कोण जाणे.

सर्वांत जास्त वेळ गेला तो ग्राहकाच्या बाजूला. पुण्यातील कुटुंब गुळावर किती खर्च करते, हे मोजायची गरज कुणाला पडली असेल? याचे उत्तर दिल्लीत आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण कार्यालय घरोघर जाऊन कुटुंबांचा उपभोग-खर्च विचारते, कारण महागाईचा निर्देशांक आणि गरिबीचे अंदाज त्यावर उभे असतात. त्यांच्या प्रश्नावलीत साखर आणि गूळ यांच्या ओळी वेगवेगळ्या आहेत, आणि ही गोष्ट आमच्यासाठी सोन्यासारखी होती. या सर्वेक्षणात मध्यंतरी मोठा खंड पडला होता. २०११-१२ च्या अडुसष्टाव्या फेरीनंतर २०१७-१८ ची फेरी झाली, पण तिचे निष्कर्ष माहितीच्या दर्जाचे कारण देऊन सरकारने प्रसिद्धच केले नाहीत. नंतर ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ आणि ऑगस्ट २०२३ ते जुलै २०२४ अशा लागोपाठ दोन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या फेरीत देशभरातील २,६१,९५३ कुटुंबांकडून माहिती घेतली गेली, आणि दरमहा दरडोई सरासरी खर्च ग्रामीण भागात ४,१२२ रुपये व शहरी भागात ६,९९६ रुपये निघाला. शहरी खर्चापैकी ३९.६८ टक्के खाण्यापिण्यावर जातो, म्हणजे दरडोई सुमारे पावणेतीन हजार रुपये.

हा आकडा सबंध देशाच्या शहरी भागाचा आहे, पुण्याचा नाही, आणि पाहणीचा नमुना एखाद्या शहरासाठी स्वतंत्र निष्कर्ष काढता यावा म्हणून आखलेला नसतो. तरीही चौघांच्या कुटुंबाचा महिन्याचा खाण्याचा खर्च साधारण अकरा हजारांच्या आसपास आहे, हे डोळ्यांसमोर आल्यावर त्या मुलांची भाषा बदलली. तोपर्यंत ती 'प्रीमियम ग्राहक' या शब्दावर तरंगत होती, आता त्या अकरा हजारांत गुळाच्या पाकिटाला किती जागा मिळेल, असा प्रश्न ती विचारू लागली. गुळापुरता आकडा हवा असेल तर अहवालांतील वस्तुवार तक्ते पाहावे लागतात, आणि राज्य, शहरी भाग व खर्चाचा गट अशी चाळणी लावायची असेल तर कुटुंबनिहाय मूळ माहितीच उतरवून घ्यावी लागते. ती सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मोफत मिळते, मात्र प्रत्येक कुटुंबाला दिलेला भारांक, म्हणजे ते कुटुंब आपल्यासारख्या किती कुटुंबांच्या वतीने मोजायचे तो आकडा, धरूनच बेरजा कराव्या लागतात, नाहीतर उत्तर हमखास चुकते. हे काम आमच्या संख्याशास्त्राच्या सरांनी दोन संध्याकाळ बसून करवून घेतले. त्यांनीच आणखी एक खाच दाखवली. पाहणीत मोजला जातो तो घरात आणलेला गूळ, दुकानातून आणलेल्या चिक्कीतला किंवा विकतच्या पुरणपोळीतला गूळ दुसऱ्याच ओळीत पडतो. शिवाय जुन्या फेरीत सगळी माहिती एका भेटीत घेतली जाई, तर नव्या फेऱ्यांत तीन वेगळ्या भेटींत घेतली गेली, त्यामुळे २०११-१२ शी थेट तुलना करून 'दहा वर्षांत इतकी वाढ' असे लिहिणे धोक्याचे आहे. मुलांना नेमके तेच लिहायचे होते. आलेखही काढून झाला होता.

कुटुंबे किती, या प्रश्नाचे उत्तर जनगणना देते. २०२१ ची जनगणना पुढे ढकलली गेल्यामुळे आजही २०११ चेच आकडे हाताशी धरावे लागतात. २०११ मध्ये पुणे महानगरपालिकेची लोकसंख्या ३१,२४,४५८ होती आणि पिंपरी-चिंचवडची सुमारे १७ लाख. संकेतस्थळांवर पुण्याची 'आजची' लोकसंख्या कुठे सत्तर लाख तर कुठे एक कोटी अशी वाचायला मिळते आणि मुलांना ती आवडते, कारण ती मोठी असते. पण कुठले पुणे? महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे आली, म्हणजे २०११ चा आकडा ज्या हद्दीचा आहे ती हद्दच आता राहिलेली नाही. यावर आम्ही साधा तोडगा काढला. अंदाज करायचा तो २०११ च्या हद्दीपुरता करायचा, वाढीचा दर कोणता धरला ते सांगायचे आणि नव्या गावांचा वेगळा उल्लेख करायचा. जनगणनेच्या घरयादीच्या तक्त्यांत किती घरांत दूरदर्शन संच, दुचाकी, मोटार, संगणक आहे हेही शहरवार मिळते. नोकरदार मध्यमवर्ग म्हणजे कोण, याची कामचलाऊ व्याख्या त्यातून करता आली. जिल्ह्यांच्या बाकी माहितीसाठी अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' आणि दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर येणारी राज्याची आर्थिक पाहणी आहेच. दोन्ही मराठीतही उपलब्ध असतात आणि तरीही विद्यार्थ्यांनी ती आपणहून मागितल्याचे मला आठवत नाही.

निर्यातीचा मुद्दा मुलांनी उगीचच घुसडला होता, मी तो दोन दिवसांत काढायला लावला. तेवढ्यात एक गोष्ट मात्र शिकून झाली. आयात-निर्यातीच्या नोंदी जिन्नसाच्या संकेतांकाने ठेवल्या जातात आणि १७०१ या चार आकडी संकेतांकाखाली साखर आणि गूळ दोन्ही येतात. आठ आकड्यांपर्यंत खाली न उतरता शोधले तर गुळाच्या नावावर साखरेचे जहाज जमा होते. त्यांनी ते केलेच होते.

स्पर्धकांकडे वळल्यावर मला माझी आवडती युक्ती सांगता आली. मोठ्या संशोधन कंपन्यांचे बाजार-अहवाल आमच्यासारख्या ग्रंथालयाला परवडत नाहीत. सीएमआयईची प्रोवेस ही कंपन्यांची माहितीपेढीसुद्धा आम्ही घेऊ शकत नाही. पण एखादी खाद्यपदार्थांची कंपनी जेव्हा प्रथमच शेअर विक्रीला काढते तेव्हा तिला सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेकडे, माहितीपत्रकाचा मसुदा दाखल करावा लागतो, आणि त्या कित्येकशे पानांच्या मसुद्यात उद्योगाचा आढावा घेणारे एक सविस्तर प्रकरण असते. ते बहुधा अशाच एखाद्या महागड्या संशोधन कंपनीकडून करवून घेतलेले असते, आणि मसुदा सेबीच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतो. सुटा माल आणि ब्रँडेड माल यांतले प्रमाण, किराणा दुकान, मॉल आणि ऑनलाइन विक्री यांचे वाटे, वितरकाला मिळणारी सवलत, अशी माहिती त्यात मिळते. गुळाची स्वतंत्र कंपनी आम्हाला मिळाली नाही, म्हणून आम्ही मसाले आणि फरसाण विकणाऱ्यांचे मसुदे वाचले, कारण सुट्या मालाकडून पाकिटाकडे ग्राहक कसा वळतो, हा प्रश्न तिथेही तोच आहे. आता पुन्हा तोच सवाल: हे कुणी आणि कशासाठी मोजले? शेअर विकण्यासाठी, आणि ज्याचे शेअर विकायचे त्याच्याच पैशाने. बाजार वाढतोच आहे, असे तिथे लिहिलेले असणार यात नवल नाही. मात्र त्याच मसुद्यात धोक्यांची यादीही कायद्याने द्यावी लागते, आणि माझ्या मते विद्यार्थ्यांनी आढाव्याआधी ती वाचावी. कच्च्या मालाच्या किमतीतील चढउतार, भेसळीचे आरोप, मोजक्या वितरकांवरचे अवलंबित्व, हे सगळे कंपनीने स्वतःच्या हाताने कबूल केलेले असते.

लहान स्पर्धकांचा माग अशा कागदांत लागत नाही. त्यासाठी ट्रेड मार्क नोंदणी कार्यालयाचा सार्वजनिक शोध वापरला. साखर, मध आणि त्या जातीच्या वस्तू तिसाव्या वर्गात येतात, त्या वर्गात 'गूळ', 'गुळ', 'जॅगरी' यांच्याशी जुळणारी नावे पाहताना मुलांनी स्वतःसाठी निवडलेले नाव आधीच कुणीतरी नोंदवून ठेवल्याचे निघाले. दोन दिवस गटात सुतक होते. भौगोलिक मानांकनाची, म्हणजे विशिष्ट भागाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्तूंची, नोंदवही मात्र दिलासा देऊन गेली. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये मानांकन मिळाले आहे, आणि मानांकनाच्या अर्जात इतिहास, भूभाग, निर्मितीची पद्धत आणि वेगळेपणाचे पुरावे द्यावे लागतात, त्यामुळे वेष्टनावर काय लिहावे याची निम्मी सामग्री तिथेच होती. 'कोल्हापुरी गूळ' हे शब्द मानांकित वस्तू म्हणून वेष्टनावर मिरवायचे तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागेल, हा खर्चही त्यांच्या अंदाजपत्रकात त्यामुळेच आला.

याशिवाय मी त्यांना पाकिटे गोळा करायला लावली. ग्रंथपालाने रिकामी पाकिटे मागावीत याचे आमच्या शिपाईमामांना फार आश्चर्य वाटले, पण वेष्टन हा कायद्याने लिहायला लावलेला दस्तऐवज आहे. उत्पादकाचा पत्ता, वजन, कमाल किंमत, पॅकिंगचा महिना, घटक आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक त्यावर असतोच. अकरा पाकिटांवरून त्यांनी किलोमागे किमतीचा तक्ता केला. सगळ्या प्लॅनमध्ये परीक्षकांनी सर्वांत जास्त वेळ पाहिलेले पान तेच होते, असे मागाहून कळले.

उत्पादनखर्चासाठी पदवी मिळवण्याकरिता मोजणाऱ्यांकडे गेलो. कृषी विद्यापीठांचे प्रबंध 'कृषिकोश' या भांडारात असतात आणि इतर विद्यापीठांचे 'शोधगंगा'मध्ये. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र कोल्हापुरातच असल्यामुळे गुऱ्हाळांच्या खर्चावर आणि गुळाच्या विक्रीव्यवस्थेवर प्रबंध मिळायला अडचण पडत नाही. प्रबंध वाचायची माझी रीत उलटी आहे. मी आधी शेवटची प्रश्नावली पाहते, मग नमुना किती जणांचा होता ते पाहते आणि त्यानंतर निष्कर्ष. चाळीस गुऱ्हाळांच्या पाहणीवरून 'महाराष्ट्रातील गूळ उत्पादक' असे शीर्षक दिलेले आढळते, त्याला इलाज नाही. पण त्यातील खर्चाची विभागणी, म्हणजे ऊस, मजुरी, गूळ शिजवणाऱ्या गुळव्याचा मेहनताना, वाहतूक आणि अडत (दलाली), कुठल्याही चकचकीत अहवालापेक्षा जास्त विश्वासार्ह असते, कारण विचारणारा प्रत्यक्ष काहिलीपाशी उभा राहिलेला असतो.

संशोधन-पत्रिकांच्या बाबतीत एक तक्रार नोंदवते. 'एक राष्ट्र, एक सदस्यता' ही योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली आणि तिच्यातून तेरा हजारांहून अधिक पत्रिका सरकारी उच्च शिक्षण संस्थांना खुल्या झाल्या. ही फार चांगली गोष्ट आहे, पण खाजगी विनाअनुदानित संस्थेतील विद्यार्थी त्या दाराबाहेरच राहतो. अशा मुलांना मी शिवाजी विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात जाऊन बसायला सांगते. पुण्यात प्रकल्प करणाऱ्यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय एकदा तरी पाहावे. जुन्या सरकारी पाहण्या आणि अहवाल पाहायला मला त्याच्याइतकी सोयीची जागा दुसरी ठाऊक नाही.

गॅझेटिअरही उघडले, पण ते माझ्या हौसेपायी, हे मान्य करते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा कोल्हापूरचा खंड १८८६ चा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली ती १८९५ मध्ये, म्हणजे तो खंड छापला गेल्यानंतर. या दोन सालांच्या मध्ये आणि नंतर गुळाचा व्यापार कसा बदलला हे शोधावे, असा मोह मला झाला होता. मुलांनी नम्रपणे सांगितले की मॅडम, सबमिशन अठ्ठावीस तारखेला आहे. वेष्टनाच्या मागच्या बाजूला दोन ओळींची कहाणी तेवढी त्यातून आली.

या सगळ्यात वही फार कामाला आली. प्रत्येक आकड्यापुढे तो कुणी मोजला, कोणत्या वर्षी मोजला, कोणत्या भागापुरता मोजला आणि कोणत्या पानावर आहे, एवढे चार रकाने भरल्याशिवाय तो आकडा प्लॅनमध्ये घ्यायचा नाही, असा नियम केला होता. वर्ष लिहिताना अहवाल छापल्याचे आणि माहिती गोळा केल्याचे अशी दोन वर्षे लिहावी लागतात, हे त्यांना दर वेळी बजावावे लागले. आधीच्या वर्षांच्या प्रकल्पांत 'संदर्भ: गूगल' असे मी कितीतरी वेळा वाचले आहे. ते म्हणजे, पत्र कुणाकडून आले असे विचारल्यावर पोस्टमनकडून असे सांगण्यासारखे आहे.

शेवटी एक रकाना रिकामाच राहिला. मुलांना पावडर विकायची होती आणि पुण्याच्या दुकानांत ढेप आणि पावडर यांचा खप कोणत्या प्रमाणात आहे, हे आम्हाला एकाही छापील आधारात सापडले नाही. गटाने त्यासाठी पुण्यात कोथरूड आणि हडपसर इथल्या बावीस दुकानदारांना विचारून एक लहानशी पाहणी केली आणि तिची मर्यादाही लिहिली. दुसरा रकाना होता हंगामातील चढउताराचा. पाच वर्षांचे दर पुरेसे नाहीत, असे त्यांच्या मार्गदर्शकांचे म्हणणे पडले, आणि त्याआधीच्या काळाची संकेतस्थळावरील माहिती मधेमधे तुटलेली होती. त्या मुलीने घरी हे बोलून दाखवल्यावर तिच्या आजोबांनी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरवायला लावली. तिच्यात एकोणीस हंगामांच्या अडतीच्या पट्ट्या, म्हणजे अडत्याने दिलेल्या विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या, होत्या, सालवार सुतळीने बांधलेल्या. प्रत्येक पट्टीवर तारीख, रव्यांची संख्या, वजन, दर, हमाली, तोलाई आणि हातात आलेली रक्कम. हे मोजायची गरज कुणाला पडली असेल, हा प्रश्न आम्ही महिनाभर दिल्लीपासून राहुरीपर्यंत विचारत फिरलो होतो, आणि घरातल्या माणसाला तो विचारायचे राहून गेले होते.

ती दोन पिशव्या भरून पट्ट्या घेऊन आली तेव्हा ग्रंथालय बंद व्हायला अर्धा तास होता. आम्ही त्या वाचनकक्षाच्या लांब टेबलावर साल लावून मांडल्या, कोपरे दुमडलेल्यांवर शब्दकोशाचे खंड वजनाला ठेवले आणि तिने मोबाईलवर एकेक फोटो काढला. संदर्भसूचीत त्यांची नोंद कशी करायची, हा पेच मात्र उरला. लेखकाच्या जागी अडत्याचे नाव घालावे की आजोबांचे, यावर तिच्या मार्गदर्शकांत आणि माझ्यात अजून एकमत झालेले नाही.